गिरणगावच्या गरोदर बाया आणि बोस्टनची आजारी लेकरं



गरोदरपणात आशाताई आपल्याला लाल गोळ्यांची पाकिटं देते. रोज एक घ्यायची, चहाबरोबर घ्यायची नाही, हे आता बहुतेकींना पाठ आहे. पाकिटावर दोन नावं असतात, लोह आणि फॉलिक आम्ल. लोहाबद्दल आपण नेहमी बोलतो. हे फॉलिक आम्ल काय आहे आणि ते या गोळीत कुठून आलं, ते आज ऐकू या. त्याची गोष्ट मुंबईच्या गिरणगावात, गरीब गरोदर बायांपासून सुरू होते. आणि ती जाऊन पोचते ब्लड कॅन्सर झालेल्या लहान लेकरांपर्यंत, ज्यांना वाचवणारं औषध तेव्हा जगात कुणाकडेच नव्हतं.

आधी रक्त कसं बनतं ते थोडक्यात समजून घेऊ. आपल्या हाडांच्या आत मऊ मगज असतो. डॉक्टर त्याला अस्थिमज्जा म्हणतात. हा रक्ताचा कारखाना. लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट, सगळ्या तिथंच तयार होतात. लाल पेशी साधारण चार महिने जगते, म्हणून हा कारखाना रात्रंदिवस चालू ठेवावा लागतो. कच्चा माल कमी पडला की पेशी नीट बनत नाहीत. मग बाई पांढरीफटक पडते, दम लागतो, पायांना सूज येते. हा रक्तक्षय. ब्लड कॅन्सरमध्ये वेगळंच होतं. तिथं कच्च्या, बिनकामाच्या पांढऱ्या पेशी भराभरा वाढत सुटतात. शेतात गाजरगवत माजलं की पिकाला जागा उरत नाही, तशी चांगल्या रक्ताला मगजात जागा उरत नाही. मुलांमध्ये सर्वांत जास्त दिसणारा कर्करोग हाच आहे.

हे दोन आजार अगदी वेगळे आहेत. तरी एकाचा शोध घेताना दुसऱ्याची वाट सापडली. ती कशी, ते पाहू.

१९२८ साली लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. तेव्हा ती चाळिशीची होती. गरोदरपणात आणि बाळंतपणात इतक्या बाया का मरतात, याची चौकशी त्या काळी डॉ. मार्गारेट बाल्फर यांच्या पुढाकारानं चालली होती. त्यातलं रक्तक्षयाचं काम विल्सकडे आलं. तिची प्रयोगशाळा परळच्या हाफकिन संस्थेत होती. भोवती कापडगिरण्या आणि चाळी. पोटात मूल असताना कामावर उभ्या राहणाऱ्या बाया याच वस्तीतल्या.

विल्सला तिथं एक विशेष प्रकारचा रक्तक्षय दिसला. या बायांच्या लाल पेशी लहान होण्याऐवजी नेहमीपेक्षा मोठ्या झालेल्या असत. संख्येनं मात्र फार कमी. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तब्येत झपाट्यानं ढासळे, आणि बऱ्याच जणी बाळंतपणात दगावत.

अशाच दिसणाऱ्या एका रक्तक्षयावर दोन वर्षांपूर्वीच, १९२६ साली, अमेरिकेतल्या बोस्टन शहरात मायनॉट आणि मर्फी या डॉक्टरांनी उपाय काढला होता. ते रुग्णांना रोज भरपूर काळीज, म्हणजे जनावराचं यकृत, खायला देत. या शोधाला पुढे नोबेल पुरस्कारही मिळाला. मग मुंबईच्या बायांनाही काळजाचा शुद्ध केलेला अर्क दिला की झालं, असं कुणालाही वाटेल. पण तो शुद्ध अर्क या बायांना लागू पडत नव्हता. कच्चा, कमी गाळलेला अर्क दिला तर गुण येई. विल्सनं यातून नेमका अर्थ काढला. काळजात दोन वेगवेगळ्या कामाच्या वस्तू असाव्यात. बोस्टनच्या रुग्णांना त्यातली एक हवी होती आणि मुंबईच्या बायांना दुसरी.

ती दुसरी वस्तू कोणती? विल्सनं घरांतली जेवणं तपासली. कोण काय खातं, किती खातं, भाजी किती, दूध किती, हे लिहून काढलं. तिच्या शोधनिबंधांवर सहलेखक म्हणून मेहता आणि तळपदे ही नावं आहेत. चौकशीत दिसलं ते असं. सर्वांत गरीब घरांतल्या, विशेषतः गरीब मुसलमान बायांच्या ताटात भाजी, फळं, दूध नावालाच होतं. हा आजारही त्यांच्यातच सर्वांत जास्त होता. म्हणजे मूळ ताटात होतं.

मग तिनं तसंच जेवण उंदरांना देऊन पाहिलं. उंदीर आजारी पडले, पण इथं एक घोळ झाला. त्यांच्या रक्तक्षयाला अंगावरच्या उवांतून पसरणारा एक जंतूही कारण होता, हे मागाहून उघड झालं. ती वाट सोडून तिनं माकडांवर काम केलं. माकडांना बायांसारखं जेवण दिल्यावर त्यांना बायांसारखाच रक्तक्षय झाला. एका माकडाला तिनं मार्माईट खाऊ घातलं. मार्माईट म्हणजे बिअरच्या कारखान्यात उरलेल्या यीस्टचा काळा, खारट, चिकट अर्क. पाव फुगवायला जे यीस्ट वापरतात, त्याच जातीचं. इंग्रज लोक हा अर्क पावाला लावून खातात. माकड सुधारलं. मग तिनं तो बायांना दिला. काही दिवसांतच त्यांच्या रक्तात नव्या लाल पेशी दिसू लागल्या, भूक लागू लागली, चेहऱ्यावर रंग आला. १९३१ साली विल्सनं हे निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापले. यीस्टमधल्या त्या अनोळखी वस्तूला डॉक्टर मंडळी 'विल्स घटक' म्हणू लागली.

तो घटक हाती यायला आणखी दहा वर्षं गेली. १९४१ साली अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये शास्त्रज्ञांनी सुमारे चार टन पालक उकळून, गाळून त्यातून अगदी चिमूटभर पदार्थ वेगळा काढला. पानातून निघाला म्हणून पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याचं नाव ठेवलं फॉलिक आम्ल. हा तोच विल्स घटक. आपल्या लाल गोळीतला दुसरा भिडू.

आता १९३१ सालाकडे पुन्हा जाऊ. विल्सचा निबंध छापला त्याच वर्षी जूनमध्ये मेहरबाई टाटा इंग्लंडशेजारच्या वेल्समध्ये वारल्या. सर दोराबजी टाटांच्या त्या पत्नी. मुलींच्या शिक्षणासाठी, बालविवाह रोखणाऱ्या शारदा कायद्यासाठी त्या बोलल्या होत्या. त्यांना ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग झाला होता. जगातल्या श्रीमंतांत गणना होणाऱ्या घरातली बाई, विलायतेत उपचार घेत होती, पण पैसा असून उपयोग नव्हता. विकत घ्यायला औषधच नव्हतं. दोराबजींनी १९३२ साली पत्नीच्या नावानं निधी स्थापन केला, खास ल्युकेमियावरच्या संशोधनासाठी. त्याच वर्षी तेही गेले. त्यांच्या विश्वस्त संस्थेनं पुढे परळला कर्करोगाचं रुग्णालय बांधलं. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते उघडलं. आपण ज्याला नुसतं 'टाटा' म्हणतो, ते हे टाटा मेमोरियल. लुसी विल्स जिथं बसून काम करत होती, त्या हाफकिनपासून ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

आता गोष्ट आंध्रात जाते. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म १८९५ साली भीमावरमचा. घर गरिबीचं. त्यांचे भाऊ स्प्रू नावाच्या आजारानं गेले. यात आतडं अन्नातलं सत्त्व शोषून घेत नाही, जुलाब थांबत नाहीत आणि रक्तक्षय होतो. सुब्बाराव मद्रासला डॉक्टरी शिकले. गांधीजींच्या हाकेला ओ देऊन त्यांनी खादीचा कोट घातला, आणि इंग्रज प्राध्यापकांचा रोष ओढवला. त्यांना पूर्ण पदवी न देता खालचं प्रमाणपत्र दिलं गेलं. सासऱ्यांनी मदत केली म्हणून ते अमेरिकेला बोस्टनला जाऊ शकले. तिथं पोट भरायला त्यांनी रुग्णालयात रात्रपाळीची हलकी कामं केली. पत्नी शेषगिरी इकडेच राहिल्या. सुब्बाराव परत आलेच नाहीत. संशोधनाच्या इतिहासात अशा वाट पाहणाऱ्या बायांचाही वाटा असतो, तो सहसा कुणी मोजत नाही.

१९४० पासून सुब्बाराव न्यूयॉर्कजवळच्या लेडरली या औषध कंपनीत संशोधनाचं काम पाहत होते. त्यांच्या गटानं १९४५ च्या सुमारास फॉलिक आम्ल कारखान्यात बनवण्याची रीत काढली. आता टनभर पालक उकळायची गरज उरली नाही. स्प्रूच्या आणि मोठ्या पेशींच्या रक्तक्षयाच्या रुग्णांना स्वस्तात औषध मिळण्याची सोय झाली.

बोस्टनच्या बालरुग्णालयात डॉ. सिडनी फार्बर हे काम बारकाईनं पाहत होते. दगावलेल्या मुलांच्या शरीराची तपासणी करून आजाराचं कारण शोधणं हे त्यांचं मूळ काम. ल्युकेमिया झालेली लेकरं त्यांच्यापुढे शेवटी यायची. निदान झालं की काही आठवडे, फार तर काही महिने, एवढंच आयुष्य. फॉलिक आम्लानं रक्त सुधारतं, तर ते या मुलांना देऊन पाहावं, असं आधी ठरलं. फार्बरना दिसलं ते उलटंच. मुलांच्या मगजातल्या वाईट पेशी जास्तच जोमानं वाढताहेत, असं त्यांना वाटलं. त्यांच्या या निरीक्षणावर पुढे काही जाणकारांनी शंका घेतल्या. पण त्यातून त्यांना जो प्रश्न पडला, तो अगदी नेमका होता. या पेशींना वाढायला फॉलिक आम्ल लागत असेल, तर ते त्यांना मिळूच दिलं नाही तर?

इथं मी थोडं थांबते, कारण ऐकणाऱ्या कुणा गरोदर ताईच्या मनात धस्स झालं असेल. फॉलिक आम्लाच्या गोळीनं ब्लड कॅन्सर होत नाही. आपल्या शरीरातल्या प्रत्येक नव्या पेशीला ते लागतं, पोटातल्या बाळालाही लागतं. लाल गोळी बिनघोर घ्या. ज्यांचे कर्करोगाचे उपचार चालू आहेत, त्यांनी मात्र कोणतीही जीवनसत्त्वाची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

फार्बरनी सुब्बारावांच्या गटाकडे मागणी केली. कुलपात खोटी किल्ली घातली की ती अडकून बसते आणि खरी किल्ली आत जात नाही. तसा फॉलिक आम्लासारखा दिसणारा, पण पेशीचं काम अडवणारा पदार्थ हवा होता. सुब्बारावांच्या प्रयोगशाळेनं असे काही पदार्थ बनवून दिले. त्यातल्या एकाचं नाव अमिनोप्टेरिन. १९४७ च्या अखेरीस फार्बरनी ते मुलांना द्यायला सुरुवात केली.

रुग्णालयातले सगळे काही त्यांच्या बाजूनं नव्हते. मरणाऱ्या मुलांना सुया टोचून आणखी का छळायचं, त्यांना शांतपणे जाऊ द्या, असं म्हणणारे डॉक्टर होते. त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. औषध विषारी होतं, तोंड सोलून निघे, किती द्यावं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. जून १९४८ मध्ये फार्बरनी निकाल छापला. सोळा मुलांपैकी दहा मुलांमध्ये सुधारणा दिसली होती. वाढलेल्या पांढऱ्या पेशी खाली आल्या, फुगलेली पोटं उतरली, काही मुलं उठून खेळू लागली. मग काही महिन्यांत आजार परत आला. फार्बरनी ते लपवलं नाही. निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी 'तात्पुरता उतार' असं लिहिलं.

तात्पुरता का होईना, मुलांच्या ल्युकेमियाला औषधानं उतार पडतो हे पहिल्यांदाच दिसलं होतं. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सुब्बाराव त्रेपन्नाव्या वर्षी वारले. पुढे अमिनोप्टेरिनच्या जागी त्याचंच भावंड असलेलं मेथोट्रेक्सेट आलं. ते आजही वापरलं जातं.

यानंतरची वीस वर्षं डॉक्टरांनी एकच कोडं सोडवलं. उतार टिकवायचा कसा? एका औषधाला पेशी सरावतात, म्हणून दुसरं हवं, तिसरं हवं. ती औषधं कुठून कुठून आली पाहा.

एक आलं गर्ट्रूड एलियन या बाईकडून. आजोबा कर्करोगानं गेले तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. तेव्हाच तिनं ठरवलं, रसायनशास्त्र शिकायचं आणि औषध शोधायचं. शिकली पहिल्या वर्गात, पण बाई म्हणून प्रयोगशाळेत कुणी नोकरी देईना. तू आलीस तर पुरुषांचं कामात लक्ष राहणार नाही, असंही तिला ऐकवलं गेलं. दुसऱ्या महायुद्धात पुरुष लढाईवर गेले, तेव्हा कुठे तिला दार उघडलं. तिनं आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी मर्कॅप्टोप्युरिन हे औषध बनवलं. १९५३ साली ते ल्युकेमियासाठी वापरात आलं. पीएचडी पूर्ण न केलेल्या या बाईला १९८८ साली नोबेल मिळालं.

दुसरं आलं आपल्या अंगणातून म्हणा ना. सदाफुली तुम्हा सगळ्यांच्या ओळखीची. मूळची ती मादागास्कर बेटावरची. मधुमेहावर तिच्या पानांचा काढा घेतात असं ऐकून १९५० च्या दशकात कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी तो तपासला. साखरेवर काही परिणाम दिसेना. पण उंदरांच्या पांढऱ्या पेशी मात्र एकदम उतरल्या. त्यांनी ती खूण सोडली नाही. त्या झाडातून पुढे विन्क्रिस्टिन हे औषध निघालं आणि १९६३ साली ते बाजारात आलं. औषधाच्या छोट्या बाटलीसाठी ढीगभर पानं लागत. म्हणून कुणी सदाफुलीचा काढा करून पिऊ नका. पानांत विष आहे, आणि काढ्यात त्याचं माप कुणालाच ठरवता येत नाही.

ही औषधं एकत्र द्यायची की एकामागून एक? किती दिवस? हे अंदाजानं ठरवून चालणार नव्हतं. १९५० च्या दशकात अमेरिकेत अनेक रुग्णालयांनी मिळून एक पद्धत सुरू केली. दोन उपचार चांगले वाटतात, पण कोणता बरा ते माहीत नाही, तर मुलांचे दोन गट चिठ्ठी टाकल्यासारखे पाडायचे. डॉक्टरांनी आपल्या आवडीनं कुणाला कुठे घालायचं नाही. सगळ्यांची नोंद सारखी ठेवायची, आणि शेवटी मोजायचं. यालाच क्लिनिकल ट्रायल म्हणतात. आपणही बियाण्याची दोन वाणं एकाच शेतात, एकाच खतावर, शेजारी शेजारी लावून पाहतो. कल्पना तीच आहे. फरक इतकाच की इथं लेकरू असतं, म्हणून नियम फार कडक हवेत.

१९६० च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत फ्राय आणि फ्रायराइक या डॉक्टरांनी चार औषधं एकत्र दिली. मुलं सावरली. मग अनेकांचा आजार मेंदूच्या बाजूनं परत आला, कारण रक्तातली औषधं मेंदूपर्यंत पुरेशी पोचत नव्हती. मेम्फिस शहरात डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी सगळं एका माळेत ओवलं. आधी आजार उतरवायचा, मग लपलेल्या पेशी मारायच्या, मेंदू आणि पाठीच्या कण्याकडे उपचार पोचवायचा, आणि त्यानंतर दोन-तीन वर्षं गोळ्या चालू ठेवायच्या. त्या दशकाच्या अखेरीस त्यांच्याकडची साधारण निम्मी मुलं कायमची बरी होऊ लागली. फार्बरच्या त्या निबंधाला तेव्हा वीस-बावीस वर्षं झाली होती. आज श्रीमंत देशांत मुलांच्या नेहमीच्या प्रकारच्या ल्युकेमियात दहापैकी जवळपास नऊ मुलं वाचतात.

आणि आपल्याकडे? परळला टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी ही विद्या रुजवली. लहानपणी पोलिओ झाल्यानं ते चाकाच्या खुर्चीतून काम करत. १९८३ साली त्यांनी भारतातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं. याच दशकात मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या मोठ्या रुग्णालयांनी मिळून भारतीय मुलांसाठी एक समान उपचारपद्धती ठरवली आणि सगळ्यांची नोंद ठेवली. अमेरिकेतली पद्धत जशीच्या तशी इथं झेपत नव्हती. आपली मुलं कुपोषित असतात, उशिरा आणली जातात, उपचार चालू असताना जंतुसंसर्गानं दगावतात. नव्या पद्धतीनं आधीपेक्षा बरीच जास्त मुलं वाचू लागली. ऑक्टोबर २०२३ मध्ये आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या एका नव्या उपचाराला सरकारची मंजुरी मिळाली. त्यात रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी बाहेर काढून, त्यांना कर्करोग ओळखायला शिकवून परत सोडतात. रक्ताच्या काही प्रकारच्या कर्करोगांवर तो वापरतात.

मैत्रिणींनो, हा इतिहास मी एवढ्या तपशिलानं सांगितला, कारण यातली दोन औषधं आजही गावाकडच्या आईच्या पिशवीतून घरी येतात. रुग्णालयातले पहिले काही महिने संपले की मुलाला घरी घ्यायच्या गोळ्या मिळतात. त्यात एलियनबाईंचं मर्कॅप्टोप्युरिन असतं आणि मेथोट्रेक्सेट असतं. या गोळ्या दीड-दोन वर्षं चालतात. याच काळात खरा धोका असतो. केस परत येतात, पोर खेळायला लागतं, शाळेत जातं. पेरणीचे दिवस येतात, एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, घरातली बाकीची मुलं. कुणीतरी म्हणतं, आता बरं झालंय की, कशाला जाता? आणि उपचार थांबतो. पिंकेल यांच्या माळेतला शेवटचा धागा तुटला की आजार परत येऊ शकतो, आणि परत आलेला आजार पहिल्यापेक्षा चिवट असतो. मुलांचे उपचार अर्धवट सुटणं हे आपल्या देशात ती दगावण्याचं एक मोठं कारण आहे. औषध सापडलंय, ते शेवटपर्यंत पोचत नाही.

आणखी एक कडू गोष्ट. आपल्या मोठ्या रुग्णालयांच्या नोंदींत कर्करोगाच्या उपचारासाठी आलेल्या मुली मुलांपेक्षा बऱ्याच कमी दिसतात. हा आजार मुलग्यांत थोडा जास्त असतो हे खरं, पण तेवढ्यानं एवढी मोठी दरी पडत नाही. मुलीला तेवढ्या लांब नेलंच जात नाही, असं या कामातले डॉक्टर सांगतात. हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटणारा नाही. तो आपल्या उंबऱ्याच्या आत सुटायचा आहे.

शेवटी संशोधनाबद्दल. मुंबईच्या ज्या बायांच्या रक्तानं विल्सला वाट दाखवली, त्यांची नावं आपल्यापर्यंत आलेली नाहीत. माणसावर प्रयोग करताना त्याची संमती हवीच, हे जगानं लिहून ठेवलं ते १९४७ साली न्यूरेंबर्गच्या खटल्यानंतर, आणि १९६४ साली हेलसिंकीच्या जाहीरनाम्यात. आपल्याकडे २०१९ पासून नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी वेगळे नियम आहेत. उद्या कुणी तुम्हाला किंवा तुमच्या मुलाला अशा चाचणीत घ्यायचं म्हटलं, तर घाबरून पळू नका आणि न विचारता अंगठाही देऊ नका. कागद आपल्या भाषेत मागा, वाचून घ्या. काय करणार, धोका काय, याशिवाय दुसरा उपचार कोणता, ते विचारा. नको वाटलं तर नाही म्हणता येतं, आणि मध्येच बाहेरही पडता येतं. तसं केलं म्हणून नेहमीचा उपचार नाकारता येत नाही. चाचणीमुळे इजा झाली तर उपचाराची आणि भरपाईची जबाबदारी चाचणी करणाऱ्यांची असते. संमतिपत्राची एक प्रत आपल्याकडे ठेवा.

आजच्या मुलाला मिळणारं प्रत्येक औषध आधी कुणाच्या तरी लेकराला देऊन, मोजून, लिहून ठेवलेलं आहे. बोस्टनची ती सोळा मुलं आणि त्यांच्या आया यांचं आपल्यावर ऋण आहे. आपल्या हातात आहे ते एवढंच, की सुरू केलेला उपचार पुरा करायचा. आणि शेजारणीच्या लेकराचा चालू असेल, तर तिला एकटं पडू द्यायचं नाही.

 ऐकत राहा, विचारत राहा.

गटाच्या बैठकीत बोलण्यासाठी

१. मुलाला बरेच दिवस ताप येतोय, ते पांढरं पडलंय, अंगावर न लागता काळेनिळे डाग आलेत, हिरड्यांतून रक्त येतंय, हाडं दुखताहेत, मानेत गाठी आल्यात, यांतलं काही दिसलं तर प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ताची सीबीसी तपासणी करून घ्या. ही लक्षणं इतर साध्या आजारांतही दिसतात, पण तपासायला उशीर नको. आपल्या केंद्रात ही तपासणी होते का, हे गटातल्या एकीनं विचारून यावं.

२. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन त्याला भेटा. मोठ्या रुग्णालयांच्या समाजसेवा विभागात राहण्या-जेवण्याच्या सोयीचीही चौकशी करा.

३. गावात कुणाचा लांबचा उपचार चालू असेल, तर प्रवासखर्चासाठी गटातून बिनव्याजी रक्कम देता येईल का? त्या दिवसांत तिच्या घरची गुरं आणि मुलं कोण पाहील?

४. गरोदर ताईच्या घरी लाल गोळ्यांचं पाकीट फडताळात न उघडता पडलंय का? असेल तर का, ते तिला रागावून न विचारता समजून घ्या, आणि आशाताईशी बोला.